सासऱ्यांची खाट

सासऱ्यांना आणखी दोन दिवस वॉर्डात राहू दिलं असतं, तर मेट्रनबाईंवर सासूबाईंची मर्जी बसली असती, तीही लग्नानंतर प्रथमच. पण मामंजी ठणठणीत झाले होते, साथीमुळे खाट एकही रिकामी नव्हती आणि दाराशी स्ट्रेचरवर एक शिक्षिका धापा टाकत होती.

"मामंजी, उठा. घरी जायचंय."

"अगं, पुन्हा दम लागला तर?"

"काल शेजारच्याचं ताटही तुम्हीच संपवलंत. दम कसला लागतोय!"

"घरची सून असून हाकलतेस?"

"सून आहे म्हणून हात धरून नेतेय. बाकीच्यांना नुसतं सांगते."

चादर बदलली, शिक्षिकेला ऑक्सिजन लागला. आठवड्याभरात ती आपल्या पायांनी घरी गेली. मामंजीही घरी धडधाकट राहिले. मेट्रनबाईंच्या वाट्याला तेवढा सासूबाईंचा अबोला आला, साथ ओसरली तरी न सुटलेला.