शकूने मला सोडले तेव्हा

मित्रांनो, माझे नाव पांगुळगाडा. खाली तीन लाकडी चाके, वर हाताने धरायला एक आडवा दांडा आणि दोन्हींना जोडणारी चौकट, एवढाच माझा देह. ज्याला अजून नीट उभे राहता येत नाही, त्याने माझा दांडा धरायचा आणि मला ढकलत पुढे जायचे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्याच एखाद्या भावंडाला धरून पहिले पाऊल टाकले असेल. तुम्हाला ते आठवत नसेल. आम्हाला आठवते.

माझा जन्म मालवणजवळच्या एका वाडीतला. परसातला जुना फणस वादळात पडला, तेव्हा कुशाबा सुताराने त्याच्या एका फांदीतून मला घडवले. नवा होतो तेव्हा माझे अंग हळदीसारखे पिवळे होते. माझा पहिला धनी सीताराम. त्या वेळी तो अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर मला असा दामटायचा की कोंबड्या पंख फडफडत कुंपणापार व्हायच्या. पुढे तो चालू लागला, पळू लागला, मोठा होऊन मुंबईला गिरणीत लागला, आणि मी गेलो माळ्यावर. नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी मी किती वर्षे काढली ते मलाही ठाऊक नाही. उंदरांनी माझा दांडा एका बाजूने कुरतडला. अंगाचा पिवळा रंग काळपट पडला. आता चुलीत जायचे, अशी मी मनाची तयारी केली होती.

पण एके दिवशी सीतारामची आई, जाईबाई, शिडी लावून माळ्यावर चढली. सीतारामला मुलगी झाली होती, शकू. जाईबाईने मला पदराने पुसले, गोणपाटात बांधले आणि बोटीने मुंबईला आणले. भाऊच्या धक्क्यावर उतरलो आणि तिथून लालबागला आलो.

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सीतारामची एकच खोली होती. दारासमोरून लांबच लांब लाकडी गॅलरी जायची. मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांचा संसार अर्धा खोलीत आणि अर्धा त्या गॅलरीत. बादल्या, शेगड्या, कोळशाची पोती, वाळत घातलेल्या गोधड्या. पलीकडे कठडा होता, पण त्याचे गज जागोजागी गळून पडले होते. मोठ्या माणसांना त्याचे काही वाटत नसे. घरमालकाला तर मुळीच वाटत नसे.

सीतारामची बायको मालन मात्र त्या कठड्याकडे बघतसुद्धा नसे. ती प्रभादेवीच्या चाळीत वाढलेली, कामाला वाघीण, कुणाला न घाबरणारी. पण शकू पोटात असताना समोरच्या चाळीतले एक मूल अशाच तुटक्या कठड्यातून खाली पडलेले तिने पाहिले होते. ते मूल वाचले, हात मोडण्यावर निभावले. मालनच्या कानात मात्र तो आवाज कायमचा बसला. शकू रांगू लागली तशी मालनने जुन्या लुगड्याची एक पट्टी पलंगाच्या पायाला बांधली आणि तिचे दुसरे टोक शकूच्या कमरेला. पट्टी पुरेल तेवढेच शकूचे जग. एरवी ती आईच्या कडेवर, नाहीतर आजीच्या मांडीवर. मला पलंगाखाली सारण्यात आले आणि माझ्या चौकटीत कांद्याची टोपली बसवली गेली.

जाईबाई अधूनमधून बोलून दाखवायची. "गो मालन, चेडवाक जमनीर सोड. मांडयेर बसान कोण चलूक शिकता?" मालन पोरीला खाली सोडण्याऐवजी पट्टीची गाठ घट्ट करायची. सीताराम दुसऱ्या पाळीला जायचा. तो घरी यायचा तेव्हा शकू झोपलेली असायची आणि सकाळी तो उठेपर्यंत मालन कामाला जुंपलेली असायची. त्याच्या लक्षात काही आले नाही, यात त्याचा दोष फारसा नव्हता.

लक्षात आले ते संक्रांतीला. शेजारच्या खोलीत कालिंदीबाई राहत. त्या मूळच्या गिरगावातल्या, फणसवाडीतल्या, आणि इकडे शाळेत शिकवायच्या. त्यांनी मजल्यावरच्या सगळ्या लहानग्यांचे बोरनहाण एकत्रच केले. शकूला काळे झबले घातले, गळ्यात हलव्याची माळ घातली आणि पाटावर बसवले. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, तशी पोरे त्यांच्यावर तुटून पडली. शकूपेक्षा चार महिन्यांनी लहान असलेले पोरसुद्धा डुगडुगत गेले आणि मुठीत बोर घेऊन आले. शकू पाटावर बसून राहिली. एक बोर घरंगळत तिच्यापासून हातभर लांब गेले. तिने त्याच्याकडे हात पसरले आणि मग आईकडे पाहिले. तिथल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मालनने ते बोर उचलून लेकीच्या हातात दिले आणि तिला घेऊन ती घरी आली.

त्या काळात मुलांच्या पायांतली शक्ती नेणाऱ्या तापाची सगळ्यांनाच धास्ती होती. शकूला पावसाळ्यात ताप येऊन गेला होता. मालनच्या मनात तोच विचार आला आणि तिने त्या दिवशी अन्न घेतले नाही.

दोनच दिवसांनी सीताराम आणि ती शकूला घेऊन परळच्या इस्पितळात गेली. तिथे काय झाले ते घरी आल्यावर सीतारामने आईला सांगितले, म्हणून मला कळले. डॉक्टरीणबाईंनी शकूचे पाय दाबून पाहिले, तळव्यांना गुदगुल्या केल्या, तिला उभे धरून पाहिले. पायांत दोष दिसत नाही, पण ते वापरलेले नाहीत, असे त्या म्हणाल्या. महिनाभर रोज चालवा आणि मग आणा. तरी जोर आला नाही तर पायांना लोखंडी पट्ट्या बांधण्याचा विचार करावा लागेल. मग त्यांनी मालनला एकच विचारले होते, "ही घरात फिरते कुठं?"

घरी येताच मालनने शकूच्या कमरेला पुन्हा पट्टी बांधली.

त्याच संध्याकाळी रेडिओवर सांगण्यात आले की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मित्रांनो, तुम्ही हे शाळेत शिकाल. मी तेव्हा पलंगाखाली होतो. मला कळले ते एवढेच, की सगळी चाळ खाली रस्त्यावर उतरली आणि घोषणांनी भांडी हादरली. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचे भोंगे थांबले. पोलिसांच्या गाड्या आल्या, दगड आले, गोळ्या आल्या. मग कर्फ्यू लागला. कुणी घराबाहेर पडायचे नाही, असा हुकूम झाला.

सीताराम दिवसभर घरी बसला. आपली मुलगी जागी असताना कशी दिसते, ते त्याने बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिले. तिच्या कमरेची पट्टी पाहिली. तो खाली वाकला, कांद्याची टोपली बाजूला केली आणि मला बाहेर ओढले. कुरतडलेल्या दांड्यावरून त्याने हात फिरवला. त्याने माझ्या चाकांत खोबरेल सोडले. मला वाटले, माझे दिवस आले.

पण मालन दारात आडवी उभी राहिली. आतल्या दोन हात जागेत काय फिरवायचे ते फिरवा, गॅलरीत पोर जाणार नाही, असे तिने बजावले. इस्पितळात जे ऐकले ते विसरलीस काय, असे सीतारामने विचारले. ती म्हणाली, विसरले नाही, पण लोखंडी पट्ट्या बांधलेली मुलगी निदान डोळ्यांसमोर असेल. सीतारामने तिच्या खांद्यावरून कठड्यातल्या रिकाम्या जागा मोजल्या.

"कठडा मी बंद करतो," तो म्हणाला. "मांजराचं पिल्लू जाणार नाही असा. मग सोडशील तिला?"

"आधी करा," मालन म्हणाली. "मग मी बघेन."

दुकाने बंद. फळी नाही, खिळा नाही. पण सीताराम साचेखात्यात होता, कापड विणणे हे त्याचे काम. त्याने दारोदार जाऊन दोरी मागितली. कोकणातून आलेल्या प्रत्येक वळकटीला सुंभ होते, ते लोकांनी सोडून दिले. कालिंदीबाईंनी कपडे वाळत घालायची दोरी काढून दिली. मग उरलेल्या गजांना ताण्याचे उभे धागे मानून सीताराम कठडा विणायला बसला. एकामागून एक घरी बसलेले गिरणी कामगार त्याच्याशेजारी येऊन बसले. खाली रस्ता सुनसान, आणि वर गॅलरीत चार-पाच पुरुष मान खाली घालून दोरी विणताहेत. विणून झालेल्या एकेका जागी मालनने पूर्ण भार टाकून पाहिला. दोन ठिकाणी दोरी सैल लागली. तिथे तिने बोट दाखवले. तेवढे त्यांनी उसवून पुन्हा विणले.

मग बादल्या आत गेल्या, शेगड्या आत गेल्या, कोळशाची पोती दाराआड गेली. एका टोकापासून जिन्यापर्यंत गॅलरी मोकळी झाली. मालनने शकूच्या कमरेची पट्टी स्वतःच्या हाताने सोडली.

शकूने माझा दांडा धरला. तिचे तळहात घामाने ओले होते. पहिल्यांदा मी पुढे गेलो आणि ती मागेच राहिली, सपशेल पालथी पडली. मालन धावली. सीतारामने तिला अडवले नाही, पण शकूच स्वतःहून पुन्हा दांड्याला लोंबकळली. दुसऱ्या दिवशी ती पाच पावले चालली. नंतर आम्ही दोघे दारे मोजत जाऊ लागलो. प्रत्येक दारात कुणीतरी बसलेले असायचे आणि ती गेली की कौतुक करायचे. मालन मात्र कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून, तिच्या मागे मागे. तिची नजर शकूवरून क्षणभरही हटत नसे. मला तिची दया यायची. एवढ्या काळजीने माणूस थकतो.

एके सकाळी तासाभरासाठी कर्फ्यू उठला. सीताराम पितळी लोटी घेऊन दूध आणायला गेला. जाईबाई आत देवासमोर होती. मालन आणि शकू गॅलरीत माझ्याबरोबर होत्या. एकाएकी नाक्यावर गलका झाला. माणसे पळताना दिसली आणि मग एकामागून एक बार झाले. डोळे चुरचुरवणारा धूर वरपर्यंत आला. मजल्यावरची दारे धडाधड बंद झाली. मालनने शकूला उचलायला हवे होते. पण त्याच वेळी तिला खाली गर्दीत सीतारामसारखा सदरा दिसला आणि दिसेनासा झाला. ती गॅलरीच्या जिन्याकडच्या टोकापर्यंत धावली आणि त्या विणलेल्या कठड्यावरून वाकून रस्ता शोधू लागली. आपल्या मागे कोण आहे, हे त्या घटकेला ती विसरली होती.

शकूने मला तिच्या दिशेने ढकलले. दोन दारे गेलो आणि माझे चाक फळ्यांच्या फटीत अडकले. तिने जोर लावला. मी हललो नाही. हलता आले असते तर हललो असतो. शकूने एकवार माझ्याकडे पाहिले, एकवार आईच्या पाठीकडे पाहिले आणि माझा दांडा सोडून दिला.

ती पडेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती पडली नाही. हात दोन्ही बाजूंना पसरून, पोट पुढे काढून, ती त्या रिकाम्या गॅलरीतून एकटी चालत गेली. मित्रांनो, तिची ती पहिली चाल साऱ्या जगात फक्त मी पाहिली. तिने जाऊन मागून आईचे लुगडे धरले.

मालनला वाटले सासूच ओढते आहे. "येते, आई," असे म्हणून ती वळली आणि तिने खाली पाहिले. मग तिने लांब अडकून पडलेल्या माझ्याकडे पाहिले. जाईबाई बाहेर आली तेव्हा मालन तिला पुन्हा पुन्हा विचारत होती, ही आली कशी.

"माका ठावक नाय गो," जाईबाई म्हणाली. "मी तर देवाकडे बसललंय."

पण अजून सीताराम आला नव्हता. तो वेळ मला माळ्यावरच्या सगळ्या वर्षांपेक्षा लांब वाटला. शेवटी जिन्यात पावले वाजली. तो समोरच्या चाळीच्या बोळात अडकून पडला होता. लोटीत दूध नव्हते, एक चप्पल नव्हती, डोळे लाल झाले होते; पण अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मालन रडली नाही की रागावली नाही. तिने शकूला उभे केले आणि हळूच तिचा हात सोडला. शकू चार पावले टाकून बापाच्या गुडघ्याला बिलगली. सीताराम तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि पोट धरून हसत सुटला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, धुराचे म्हणा हवे तर.

महिन्याने डॉक्टरीणबाईंनी शकूला चालताना पाहिले आणि पट्ट्यांचे नावही काढले नाही. पुढे त्या मजल्यावरची कितीतरी मुले माझ्या दांड्याला धरून चालायला शिकली. साठ साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा दिवे पाहायला शकू बापाच्या खांद्यावर बसायला तयार नव्हती. ती पायी गेली.

आता मी फार जुना झालो आहे. एक चाक बदललेले, दांड्याला चिंधी गुंडाळलेली. मला मुले सोडून जातात, आणि जावीतच. त्यासाठी तर मला कुशाबाने घडवले. फक्त एवढे करा. तुमच्या घरात लहान भावंड असेल, तर तुमचे दप्तर, तुमच्या चपला वाटेतून उचला. कठडा तुटका असेल तर मोठ्यांच्या मागे लागून तो नीट करून घ्या. आणि मग त्या पोराला खाली सोडा.

शकूच्या पाठीवर मालनला मुलगा झाला, मनमोहन. तो उभा राहायला लागला त्या दिवशी तिने स्वतः मला गॅलरीत आणून ठेवले, त्याची मूठ माझ्या दांड्यावर बसवली, आणि त्याच्याकडे पाठ करून ती तांदूळ निवडायला बसली.