लोकरी पट्टी वर केली ती दुपार

माझ्या नातीची संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा उद्यावर आली होती. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे ही शेवटचीच संधी. जुन्या काळच्या कुणा संगीतकारानं पियानोसाठी छोट्या छोट्या तुकड्यांची माळ रचलीय. प्रत्येक तुकड्यात घरातलं एक चित्र. कुठं भांडण, कुठं खिडकीवर आपटणारं वादळ, आणि वादळाला लागूनच शेवटी आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं कुणीतरी. परीक्षेत ही माळ अख्खी वाजवायची, एक मणी गाळायचा नाही.

सकाळी शाळेतल्या मोठ्या पियानोवर तालीम झाली. पोरगी परतली ती तोंड पाडूनच. मागोमाग तिच्या बाई.

"आजी, ही शेवटचा तुकडा वाजवते की दार ठोठावते?"

"माझ्या घरात तर मांजराच्या पावलानं वाजवते," मी फणकारले.

बाईंनी आमच्या पियानोचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. मधलं पेडल दाबून अडकवलं की तारांपुढं एक लोकरी पट्टी उतरते, आवाज रजईत गुंडाळल्यासारखा होतो. पलीकडच्या खोलीत आमचे हे पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. भांडं पडलं तरी अंग थरथरतं, श्वास अडकतो. म्हणून पट्टी कायम खाली. पोरगी सगळी माळ तशीच शिकली. आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून बोटं आपटत गेली, आणि आपटणं हेच हळुवार, असं बोटांनी धरून ठेवलं.

"एका दुपारीत बोटांचं वळण कसं मोडणार?" एवढं म्हणून बाई गेल्या. शिकवणाऱ्यानंच हात टेकले की झालं!

नात हुंदके देत म्हणाली, "मी नाही जात उद्या."

"रडून सूर मऊ होतात का गं? नाक पूस." मी वाकून पेडल सोडवलं. पट्टी वर गेली.

"आजी! आजोबा जागे होतील!"

"होऊ नयेत अशी वाजव."

पहिलाच सूर असा घुमला की तिनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पुन्हा लावला, पुन्हा घेतला. भीतीनं का होईना, बोटं दबकायला लागली.

"उशाशी कोण बसलंय?" मी विचारलं.

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"मग माझ्याकडून ऐक. जे बसलंय त्याला झोप आलीय, रागही आलाय, आणि उठायची सोय नाही. रडकं वाजवू नकोस."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वाजवलं. बरं वाजवलं. आणि थांबली.

"पण वादळ हळू वाजवून चालत नाही गं. त्यानं हात भरून आलेले असतानाच हे मऊ यायला हवं. तिथंच तर माती होते."

मी आत गेले, पलंगावर बसले आणि यांच्या दोन्ही कानांवर तळवे दाबून धरले.

"वाजव!"

भिंत हादरली. यांचे डोळे टक्क उघडले. चालता हात माझ्या मनगटावर आला, नखं रुतली. वादळ संपता संपता बाहेरून घाबरा आवाज आला, "आजी, आजोबा ठीक आहेत ना?"

"घोरतायत. थांबू नकोस, पुढचं घे!"

शेवटचा तुकडा दारातून अनवाणी आल्यासारखा आत आला. एकही सूर आपटला नाही. यांना काही ऐकू गेलं नसावं; माझे तळवे कानांवर तसेच होते. मी ऐकत होते, आणि अडकलेला त्यांचा श्वास परत यायची वाट पाहत होते.