आतली कड

"टायर बाहेरून बघून समाधान मानू नकोस, पोरी. स्टिअरिंग पूर्ण वळव, खाली वाक आणि आतली कड बघ," असं गॅरेजवाल्या तुलेगेन आगांनी मकपालला बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. इंजिनिअरिंग शिकलेली बाई. तान्ही लेक कडेवर घेऊन दर रविवारी टायरच्या खाचेत नाणं घालून खोली बघायची. आणखी काय बघायचं?

तिचा नवरा सांजार महिन्यातून दोनदा कापचागायच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा. त्यासाठी पुढची चाकं वरून आत कललेली लागतात, म्हणजे वळणावर रबर पूर्ण टेकतं. पण सरळ रस्त्यावर तीच गाडी आतल्या कडेवर चालते. म्हणून आगांनी ट्रॅकवाल्या सगळ्यांच्याच गाड्यांत बॉनेटखाली दोन खुणा रंगवल्या होत्या. लाल ट्रॅकची, पांढरी रस्त्याची. घरी निघण्याआधी चाकं पांढरीवर आणायची.

"पुढच्या खेपेला परत लालच लावायचीय ना? कशाला पान्याशी झटापट," सांजार म्हणायचा. ट्रॅकवरचे सगळेच तसं करत. मकपालही म्हणायची, "बरं, हात धू, जेवायला ये."

त्या गुरुवारी हमरस्त्यावर पुढचं डावं टायर फुटलं. सांजार घरी आला तो चादरीत गुंडाळून.

पोलिसांच्या आवारात तिनं उजवं, शाबूत राहिलेलं चाक बघितलं. बाहेरच्या खाचा नव्यासारख्या. आत रबर संपून तारा बाहेर आल्या होत्या. हात फिरवला तर बोट कापलं.

सातव्या दिवसाच्या जेवणाला बेइबित आला, सांजारचा ट्रॅकवरचा जोडीदार.

"तुझी गाडी कुठल्या खुणेवर आहे?" मांस वाढता वाढता तिनं विचारलं.

"लाल. सांजारनंच लावून दिली होती, मार्चात, नवरोजला."

"तेव्हापासून तशीच? आतून बघितलीस?"

"वहिनी, खाचेत बोट बुडतं माझं. तुम्ही आधी दोन घास खा. चेहरा बघा कसा झालाय."

बायकांनी तिला धरून खाली बसवलं. बिचारीच्या मनात भीती बसलीय, म्हणाल्या.

आज सकाळी बेइबितच्या बायकोनं फोटो पाठवला. मागच्या सीटवर जुळी पोरं, हातात तळलेले बावुरसाक. खाली लिहिलं होतं, 'निघालो माहेरी, तालदीकोर्गानला.'

मकपालनं अकरा वेळा फोन लावला. लागेना. महामार्ग पोलिसांनी "कुठलं टायर, बाई?" म्हणून ठेवून दिला. लेकीला एका मांडीवर थोपटत तिनं ट्रॅकवाल्यांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं:

'बेइबित नऊला निघालाय. राखाडी गाडी, मागच्या काचेवर पिवळा घोडा. चाकं मार्चपासून लालवर आहेत. तालदीकोर्गानच्या वाटेवर, सारिओझेकच्या अलीकडे-पलीकडे तुमच्यापैकी कुणी असाल तर त्याला गाठा. तो हसेल, चिडेलसुद्धा. आधी पोरांना खाली उतरवून घ्या, मग त्याच्याशी काय भांडायचं ते भांडा.'