हिरव्या पंखाची चमक

माझं विमान बाबांना आवडणार नाही, हे त्यांनी ते पूर्ण व्हायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"हे विमान नाही, भेटवस्तूचं पुडकं आहे," ते म्हणाले. मी नुकतीच डाव्या पंखावर हिरवी फिल्म बसवली होती आणि तिच्यावर सुरकुती शोधून सापडली नसती. माझं इस्त्रीचं दुकान आहे. हलक्या लाकडाच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा ठेवायचा आणि गरम इस्त्रीने ताणून चिकटवायचा, हे काम जणू माझ्यासाठीच निघालं होतं. पण कौतुकाचा शब्द काढला तर बाबांची जीभ झिजते.

बाबा निवृत्त होईपर्यंत विमानांच्या कारखान्यात रंगारी होते. खरी लढाऊ विमानं रंगवायचे. दम लागायला लागल्यापासून ते खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्यांच्या रंगाला नावं ठेवत. त्यांचा जीव रमावा म्हणून मी त्यांच्याच एका विमानाची छोटी प्रतिकृती आणली, रिमोटवर उडणारी. सांगाडा आम्ही जेवणाच्या टेबलावर न भांडता उभा केला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मग वरून काय लावायचं हा प्रश्न आला आणि घरातली शांतता गेली.

त्यांचं म्हणणं, रेशमी कापड लावायचं, त्यावर डोपचे हात मारायचे आणि मग रंग. डोप म्हणजे कापड ताणून घट्ट करणारं वार्निश. त्याचा वास थिनरसारखा, घरभर पसरतो आणि घशात बसतो. आणि डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं की असला वास पुन्हा छातीत गेला तर घरी ऑक्सिजन लावावा लागेल. हे मी बाबांना सांगितलं नव्हतं. सांगायचं तर छाती किती उरली आहे तेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी आळशी असल्याचं सोंग घेतलं.

"रेशीम कापा, चिकटवा, वाळवा, कुणाला वेळ आहे?" मी म्हणायची.

"तुला सगळं उरकायचं असतं. लढाऊ विमान चमकत नाही. चमकलं तर लांबून दिसतं आणि दिसलं तर पडतं."

"बाबा, हे मैदानावर उडणार आहे, लढाईत नाही."

"मग हिरवं तरी कशाला? गुलाबी कर."

मी मॉडेलच्या दुकानात जाऊन न चमकणारी फिल्म मागितली. ती फक्त पांढऱ्यात आणि लाल रंगात होती. दुकानदाराने काचेच्या धाग्यांचं कापड दाखवलं, पण ते चिकटवायला रसायन लागतं आणि त्यालाही वास. वास नसलेलं काही आहे का, असं विचारल्यावर त्याने टिश्यू कागद पुढे केला. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने लावायचा म्हणाला. बोट लागलं तरी फाटेल असा तो कागद बघून मी हात जोडले आणि चकाकणारी हिरवी फिल्मच घेऊन परत आले.

भावाने फोनवर सल्ला दिला, "कर ना त्यांच्या मनासारखं, काय जातं तुझं?" लांब राहून उदार व्हायला खरंच काही जात नाही. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते माहीत असूनही तो असं बोलला, म्हणून मी फोन ठेवला आणि रागारागात उजवा पंखही मढवून टाकला.

रविवारी विमान उडवायचं होतं. शनिवारी दुपारी मी दुकानातून आले तर बाबा टेबलाशी बसले होते. समोर पाण्याची वाटी, हातात बारीक पॉलिश पेपर आणि डावा पंख. त्याची चमक गेली होती. खोटं कशाला बोलू, रंग सुरेख मंद दिसत होता. पण फिल्मच्या खाली जिथे जिथे लाकडाची आडवी फासळी होती, तिथे ती घासून फाटली होती आणि माशाच्या काट्यांसारखं पांढरं लाकूड वर आलं होतं.

रंगाआधी पाण्याने घासायचं, ही त्यांची जन्माची सवय. पत्र्याला ते चालतं.

"चमक काढत होतो," ते म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वाट लावलीत. किती जपून बसवली होती मी. सारखं आपलं डोप हवं, रेशीम हवं. मी नको म्हणते ते काय आळसापायी? तुमच्या छातीसाठी म्हणते मी."

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी पॉलिश पेपर वाटीत बुडवला आणि तिथेच ठेवला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "छाती माझी आहे. जिना मी चढतो. मला नाही कळणार?"

"मग रोज त्या डोपचा हट्ट कशाला?"

"तुझी फिल्म चढली की काम संपलं. इस्त्री तुझी, रिमोट तुझ्या हातात. मी काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?" ते थांबले, दम घेतला. "पाण्याला वास नसतो. म्हणून म्हटलं, एवढं तरी आपल्या हातून होईल."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. मग मी खुर्ची ओढली आणि पंखावरची फिल्म सोलायला लागले. माझं एवढं सुबक काम, पण संत्र्याच्या सालीसारखं निघालं.

आता पंखांवर टिश्यू कागद आहे. "कागद?" म्हणून बाबांनी नाक मुरडलं, पण ब्रश हातात घेतला. रंग पाण्यात मिसळायचा, बिनवासाचा. तो ते मला लावू देत नाहीत. थोडं रंगवतात, दम खातात, पुन्हा रंगवतात. वाळलं की हलक्या हाताने घासतात आणि पुन्हा एक हात देतात. मी नुसता पंख धरून बसते. असेच हात चढत राहिले तर रंगाच्या वजनाने हे विमान जमीन सोडणार नाही, एवढं मलाही कळतं. सुरुवातीला सांगून पाहिलं, भांडूनही पाहिलं. कधी उडवायचं, हे मी आता विचारत नाही.

काल त्यांनी पंख खिडकीशी धरून तिरका केला. पाटीसारखा मंद होता तो, चमकेचा मागमूस नव्हता.

"चमकतोय का गं अजून?"

"जरासा," मी म्हटलं, आणि वाटीतलं पाणी बदलून आणलं.