जाड पट्टी, बारीक पट्टी

प्रयोगशाळेत त्या नवराबायकोला सगळे वीजबाई आणि तापराव म्हणत. उन्हापासून वीज करणाऱ्या एका यंत्रावर दोघांचं काम चालू होतं. मोठ्या आरशाने ऊन एका धातूच्या चकतीवर एकवटायचं. चकती रसरसली की तिच्यातले इलेक्ट्रॉन उडून समोरच्या थंड चकतीवर जायचे. त्यांना फिरवून परत आणायला तापल्या चकतीला एक पट्टी जोडावी लागे. सगळं भांडण त्या पट्टीवरून.

"पट्टी जाडच हवी," वीजबाई म्हणायची. "बारकीतून जाताना निम्मी वीज वाटेतच खर्ची पडते."

"आणि जाड पट्टीतून उष्णता पळते, तिचं काय? चकती तापलीच नाही तर वीज कुठून आणशील, माहेराहून?"

भांडण घरीही पोचलं. शेवटी सासूबाईंनी तंबी दिली, "जेवताना पट्टीचं नाव काढलंत तर ताटं उचलीन." तेव्हापासून दोघं जेवताना मुकाट्याने, नुसती बोटांच्या चिमटीने जाडी दाखवून भांडू लागले.

अखेर दोन्ही करून बघायचं ठरलं. सोमवारी जाड पट्टी लावली. भर दुपारचं ऊन, आरसा नेमका रोखलेला, तरी चकती जेमतेम तांबूस झाली आणि मीटरचा काटा जागचा हलेना. तापराव दिवसभर शीळ घालत फिरला.

मंगळवारी बारीक पट्टी. चकती अशी फुलली की तापरावाची छातीही फुगली. काटा मात्र थोडा चढून रेंगाळला, आणि मग धाडकन शून्यावर आला. यंत्राच्या काचेतून पाहिलं तर पट्टी जोडापासून सुटून लोंबत होती.

दोघं वेल्डिंगवाल्या मावशींकडे तक्रार घेऊन गेले. मावशींनी भिंगातून सुटलेली पट्टी निरखली.

"जोडाला नावं ठेवू नका. तापल्यावर चकती सरकते, आणि तुम्ही पट्टी ताणून बसवलीत. तुटेल नाहीतर काय! तिला जरा सैल सोडा की."

"पण जाडी?" दोघांनी एकदम विचारलं.

"एकच पट्टी कशाला? कागदासारखे पातळ पत्रे एकावर एक ठेवा. टोकं मी जोडते, मधे झोळ राहू दे. पत्रे किती, ते तुम्ही ठरवा. पण एका टेबलावर बसून."

दोघं बसले. त्याची पळणारी उष्णता आणि तिची वाया जाणारी वीज पहिल्यांदाच एका कागदावर आली. तिला नऊ पत्रे हवे होते, त्याला चार. दोन्ही मिळून नुकसान सगळ्यांत कमी होत होतं ते सहा पत्र्यांना. वीजबाईने तीनदा ताळा करून पाहिला. सातवा काही निघाला नाही.

शुक्रवारी चकती रसरसली, पत्र्यांचा झोळ किंचित हलला आणि काटा चढत गेला तो ऊन कलेपर्यंत उतरला नाही. तापराव आनंदाच्या भरात बायकोऐवजी मीटर वाचायला उभ्या असलेल्या मदतनिसालाच मिठी मारून बसला. मावशींना बोलवायला गेले, तर त्या दुसऱ्याच कुणाची गळकी टाकी सांधत होत्या.

"चाललं ना? मग झालं," त्या मान न वळवताच म्हणाल्या.

वीजबाईने वही उघडली. पट्टीत अजूनही थोडी उष्णता वाया जात होती, थोडी वीजही. तिने आधी त्याचा आकडा लिहिला, मग आपला, आणि वही त्याच्याकडे सरकवली.

"कर सही."