चारचे थेंब

"ढाल पुढे धरा, काकू. बोट उचलू नका."

हेडफोन मोठा होता, सारखा घसरत होता. काकूंनी एका हाताने तो सावरला आणि दुसऱ्या हाताचं बोट काकांनी झिजवलेल्या बटणावर दाबून धरलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काकांचा ढालवाला गुहेच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहिला. समोर ड्रॅगन तोंड वासून बसला होता.

काकांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वर पोचवलं आणि रविवारी दुपारी स्वतः मात्र या गुहेत उतरायचे. सोबत एक सुतार, दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी एक मुलगी आणि बेकरीवाले दोघे भाऊ. दोघे भाऊ सोडले तर कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही पाच माणसं दर रविवारी ड्रॅगनवर स्वारी करायची आणि मार खाऊन परत यायची. 'साठी उलटली तरी राक्षस मारतायत,' असं काकू त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुटपुटायच्या.

काका गेले आणि काही आठवड्यांनी सुताराचा फोन आला. पाचवा असल्याशिवाय गुहेचं दार उघडत नाही, नवा माणूस घ्यायला कुणाचं मन होत नाही, एकदा काकांच्याच ढालीने ड्रॅगनला मारू आणि खेळ बंद करू, असं तो म्हणाला. काकूंनी साफ नकार दिला. पण रविवारी दुपारी घर खायला उठलं, तेव्हा त्यांनीच फोन लावला. नवऱ्याचं एवढं एकच राहून गेलं होतं. ते पुरं करायचंच, असं ठरवून त्या काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या.

मुलगी जखमा भरत होती, भाऊ दोन्ही बाजूंनी वार करत होते. ड्रॅगनच्या डोक्यावरची, त्याचा उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी कमी होत होत रेषेएवढी उरली. काकूंचं बोट दुखायला लागलं, पण त्यांनी ते हलवलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळाने चारचे टोले दिले.

हेडफोनमधला गलका एकदम थांबला. पडद्यावर चौघांनी हत्यारं खाली केली.

"थांबलात का? मारा ना," काकू म्हणाल्या.

"सवय हो, काकू," सुतार म्हणाला. "चार वाजले की काका उठायचे. ढाल गेली की आम्ही मेलोच. दर खेपेला."

चार वाजता काकूंच्या डोळ्यांत थेंब घालायचे असत. काचबिंदू होता, एकही दिवस चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका यायचे ते हेडफोन गळ्यात अडकवूनच. त्यातून आरडाओरडा चालू असायचा. ते अंगठ्याने पापणी वर धरायचे, थेंब घालायचे, डोळे मिटायला सांगून दहापर्यंत मोजायचे. त्या ओरड्याने काकूंचं डोकं उठायचं. 'जा, तुमचा राक्षस खोळंबलाय,' म्हणायच्या. काका हसायचे आणि मोजत राहायचे.

"मग वेळ बदलायची होती ना," काकू म्हणाल्या.

"सुचवलं होतं. काका म्हणाले, ती चारला वाट बघते. बोलून दाखवणार नाही, पण बघते."

काकूंनी बटण आणखी घट्ट दाबलं. समोर ड्रॅगन उसासे टाकत होता.

"मी काही उठत नाही. एवढासा उरलाय, घ्या उरकून."

कुणीच हललं नाही.

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "थेंब घालता ना तुम्ही?"

काका गेल्यापासून बाटली फ्रीजच्या दारात तशीच पडून होती. काकूंनी बटणावरचं बोट उचललं.

पडद्यावर आगीचा लोळ आला. या खेपेला कुणी ओरडलं नाही.

हेडफोन गळ्यात घेऊन त्यांनी बाटली आणली आणि खुर्चीत बसून मान मागे टाकली. पहिला थेंब भुवईवर पडला, दुसरा गालावर. नंतरचे कसेबसे डोळ्यांत गेले.

"पडले का नीट?" गळ्यातल्या हेडफोनमधून सुताराचा आवाज आला.

"पडले."

"मग मिटा डोळे."

काकूंनी डोळे मिटले.

"एक," सुतार म्हणाला. मग मुलगीही मोजू लागली, मग दोघे भाऊ. दोन आकड्यांच्या मध्ये काका जेवढं थांबायचे, बरोबर तेवढंच थांबत होते. दर रविवारी मरून पडल्यावर काकांच्या गळ्यातल्या हेडफोनमधून त्यांनी ते ऐकलेलं होतं.

दहा झाले तरी काकूंनी डोळे उघडले नाहीत.