हललेला फोटो

"हलला," पासपोर्टवाल्याने बटण दाबून पुढचा फोटो आणला. "हाही हलला. आणि हा तर वहिनी, भूकंपात काढलात का?"

मावशीने काउंटरवरून मान लांब केली. "अहो, आमचे हे आहेत त्यात. चहा पिताहेत."

"असतील. मला नुसता धूर दिसतोय. चहाचा का माणसाचा, ते कळत नाही."

पासपोर्टवाल्याचं खरं नाव रस्त्यात कुणालाच आठवत नसे. उभा जन्म त्याने लोकांचे चौकोनी चेहरे काढले, प्रत्येकाला 'हसू नका' म्हणून दटावलं, आणि दटावता दटावता स्वतःचं हसूही कुठेतरी ठेवून विसरून गेला. पण शिकवायला बसला की माणूस लोण्यासारखा. आताही त्याने मावशीच्या हातात कॅमेरा परत दिला, तिची कोपरं तिच्याच बरगड्यांना लावायला सांगितली.

"श्वास घ्या. अर्धा सोडा. उरलेला धरून ठेवा. आणि बटण कसं दाबायचं? झोपलेल्या बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढून घ्यावा, तसं."

"माझा हात हलेलच कसा?" मावशी कुरकुरली. "जन्मभर इस्त्री धरली मी. हात हलता असता तर अख्ख्या इस्पितळाच्या चादरींना भोकं पडली असती."

"इस्त्री जड असते वहिनी. हलकी वस्तूच हात हलवते. जमत नसेल तर टेकवा कुठेतरी. भिंतीला, टेबलाला, खुर्चीला. टेकवलं की हलत नाही."

मावशी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथे डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचीच ती मावशी. वाफेने कोंदलेल्या त्या खोलीत ती एकामागून एक चादर सरळ करी आणि तोंडाने काहीबाही गुणगुणत राही. शब्द तिचेच असत, आजचे उद्या आठवत नसत.

*धुतल्या चादरीला, इस्त्रीचा गं हात*
*घडीच्या आत, ऊब राहे*

कुणाची चादर, कुणाच्या तापाची, कुणाच्या बाळंतपणाची, हे तिने कधी विचारलं नाही. नोकरी संपली त्या दिवशी भाचीने आपला जुना कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. "आत्या, जन्मभर पांढरंच पाहिलंस. आता जरा रंग बघ."

रंग बघता बघता मावशीने सगळ्या चुका करून घेतल्या. झाकण न काढताच अख्खी सकाळ फोटो काढले. उन्हाकडे तोंड करून शेजारणीला कोळसा केलं. कोपऱ्यात स्वतःचं बोट तर पाहुण्यासारखं रोज हजर. घरातल्या पुढच्या खोलीत नवऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. एकदा तिथल्या गिऱ्हाइकांचे तिने काढलेले फोटो पाहून नवरा पोट धरून हसला होता. "अगं, मी नुसते केस कापतो. तू तर डोकीच कापतेस!"

नवऱ्याला सगळे कारागीर म्हणत. हात तसा होता. त्यांच्या वस्तऱ्याखाली माणसं डोळे मिटून घोरत. मावशीला सगळ्यांत हौस त्यांचाच फोटो काढायची, आणि सगळ्यांत जास्त बिघडायचे ते त्यांचेच. चहा पिताना हलला. पेपर धरताना हलला. बटण लावताना हलला. दर वेळी कारागीर चष्म्यातून बघत आणि म्हणत, "हात हलतो तुझा. वय झालं तुझं." दर वेळी तीही हसे. पुन्हा कोपरं बरगड्यांना लावे.

त्या सकाळी तिचा धाकटा भाऊ दाढीला आला. आठवड्याचा त्याचा वार ठरलेला. माल पोचवायची गाडी रस्त्यात आडवी लावायची, आत येऊन खुर्चीत पडायचं आणि म्हणायचं, "भावोजी, माणसात आणा मला." एका जागी बसणं त्याला जन्मात माहीत नव्हतं. त्यांच्या लहानपणीचा घरातला एकुलता एक फोटो होता. त्यात आईबाप होते, वेण्या घातलेली मावशी होती, आणि आईच्या मांडीवर, धाकट्याच्या जागी, नुसता धूर होता.

दुकानात दारातून सरळ उजेड येत होता. मावशीने पासपोर्टवाल्याचं ऐकलं. दुसरी खुर्ची रिकामी होती, तिच्या दांडीवर तिने कॅमेरा घट्ट टेकवला. श्वास घेतला, अर्धा सोडला, उरलेला धरला. कारागिरांनी धाकट्याची हनुवटी वर केली, वस्तरा गळ्यावर आणला. बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढावा तसं तिने बटण दाबलं.

"झाला का गं फोटो?" कारागिरांनी आरशातून विचारलं.

"झाला. आता बघाच तुम्ही."

एवढ्याशा पडद्यावर तो छानच दिसत होता. मावशी चपला अडकवून तशीच पासपोर्टवाल्याकडे निघाली. परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या पोरीसारखी.

पासपोर्टवाल्याने फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि चक्क म्हणाला, "वा!"

मावशी स्टुलावर ऐसपैस बसली.

"बघा, बाटलीवरची अक्षरं वाचता येतात. खुर्चीचा खिळा बघा. फेसाचा एकेक बुडबुडा. पापणीचे केस..." त्याने फोटो आणखी मोठा केला, खाली सरकवला. मग त्याचं बोट थांबलं.

धाकट्याचा गळा स्वच्छ होता. कातडीवरचं एकेक छिद्र दिसत होतं. त्या गळ्यावर जिथे वस्तरा असायला हवा होता, तिथे पारा सांडावा तसा उजेडाचा एक ओघळ होता. त्याच्यामागे कारागिरांचं मनगट होतं. लोकर पिंजावी तसं, कडा नसलेलं.

"हा हल..." पासपोर्टवाल्याच्या तोंडातच शब्द अर्धा राहिला.

मावशीला आधी नेहमीसारखं वाईट वाटलं. मग तिने पुन्हा पाहिलं. बाटली हलली नव्हती. खुर्ची हलली नव्हती. पापणी हलली नव्हती.

"मी टेकवला होता," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं."

"हो."

"मग हे काय?"

पासपोर्टवाल्याचा हात आपसूक स्वतःच्या कानाखाली गेला. तिथे खपली धरलेली एक बारीक रेघ होती. मावशीने ती पाहिली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे वहिनी. आम्ही आपले हनुवटी वर करून गप बसतो."

"आणि मला रोज सांगत होता, हलला, हलला म्हणून!"

"काय सांगणार? घरच्या माणसाला बाहेरच्याने सांगायचं कसं? तुमच्या हातावर ढकललं. तुम्हाला राग येत नव्हता, तेवढंच बरं चाललं होतं."

मावशीने जुने फोटो मागे मागे नेले. पासपोर्टवाला मुकाट्याने मोठे करून दाखवत गेला. चहाच्या फोटोत बशी स्वच्छ होती, टेबलावरचा डाग स्वच्छ होता, कप आणि हात तेवढा धूर. पेपरच्या फोटोत मागची खिडकी गजांसकट स्वच्छ. बटणाच्या फोटोत शर्टाच्या खिशावरची शिवणसुद्धा. एवढे दिवस ती आपल्या चुका मोजत होती आणि प्रत्येक चुकीत तो हात ओरडून सांगत होता. हल्ली कारागीर अर्धाच कप दे म्हणत होते. सदऱ्याऐवजी बनियनवर बसत होते. तिला वाटलं होतं, उकडतंय.

"फोटो टिपायचा वेग वाढवला ना," पासपोर्टवाला हळूच म्हणाला, कॅमेऱ्यावरच्या चाकाला हात लावत, "हे असं इकडे फिरवलं की हलणारी वस्तूही थांबलेली दिसते. पुढच्या फोटोत हात अगदी पूर्वीसारखा येईल. दाखवू?"

बोटभर चाक. एकदा फिरवलं की कारागिरांचा तो जुना हात परत. मावशीने चाकाकडे पाहिलं, पाहतच राहिली.

"नको," ती म्हणाली. "हा छापून द्या. आहे असाच."

धाकट्याची गाडी चौकात माल उतरवत होती. मावशीने त्याला दंडाला धरून गाडीच्या मागे नेलं आणि फोटो समोर धरला.

"तुला ठाऊक होतं?"

त्याने फोटो पाहिला. नेहमीसारखा हसायला गेला, ते जमलं नाही. "ताई, समोर आरसा असतो ना. मला दिसतं सगळं."

"आणि तरी जाऊन बसतोस?"

"श्वास धरला की झालं. एवढं काही नाही."

"मेल्या, गळा आहे तो!"

"मग? मी गेलो नाही तर त्यांना कळेल." तो गाडीच्या कडीशी चाळा करायला लागला. "माझी पहिली दाढी त्यांनीच केली ताई. तेव्हा गालावर केससुद्धा नव्हते माझ्या. नुसता फेस लावून, उलट्या वस्तऱ्याने. मी मोठा झालो म्हणून सगळ्या रस्त्याला सांगितलं. आता मी दुसरीकडे जाऊ?"

मावशीने फोटोत पुन्हा पाहिलं, आणि आधी न दिसलेलं तिला आता दिसलं. खुर्चीच्या दांडीवर धाकट्याची मूठ होती. नखं पांढरी पडलेली. आईच्या मांडीवर क्षणभर न टिकलेलं ते पोर इथे दगडासारखं बसलं होतं. त्याच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीच्या दांडीला कॅमेरा टेकवून तीही श्वास धरून बसली होती. एका खोलीत दोघं भावंडं, आणि तिला पत्ता नाही.

*भाऊ गं बसला, आरशाच्या दारी*
*श्वासाची दोरी, मुठीमध्ये*

ओळ आपणहून आली. तिने ती गुणगुणली नाही, गिळली.

संध्याकाळी कारागीर दुकान झाडत होते. मावशी येताना ठरवून आली होती. फोटो त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बघा, परत हलला माझा हात."

तिचा आवाज सरळ निघाला, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

कारागिरांनी झाडू भिंतीला लावला, चष्मा पुसला, फोटो दिव्याखाली नेला. बराच वेळ बघितला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुझा नाही हलला," ते म्हणाले.

"अहो, माझाच. वय झालं माझं."

"आरशात दिसत होतीस तू. कॅमेरा टेकवून, गाल फुगवून बसली होतीस." त्यांनी फोटो जवळ घेतला. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, की मावशीने तसा आजवर पाहिला नव्हता. ते वस्तऱ्याकडे बघत नव्हते. धाकट्याच्या मुठीकडे बघत होते.

"हा असा बसलाय," ते म्हणाले. "म्हणजे याला ठाऊक आहे."

मावशीने फोटो परत घ्यायला हात पुढे केला.

"पासपोर्टवाल्याला?"

मावशीने नजर भिंतीला लावलेल्या झाडूकडे वळवली.

"सगळ्यांनाच?" ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मटकन बसले. त्या खुर्चीत ते कधीच बसत नसत. "आणि मला वाटत होतं, मी लपवतोय. तुझ्या हातावर ढकलत होतो. ते बिचारे गळे पुढे करत होते आणि मी आपला लपवतोय!"

ते हसले. हसता हसता डोळ्यांवर पंजा दाबला. पंजा चेहऱ्यावर टेकला होता तोवर स्थिर होता. खाली आणला की पुन्हा सुरू झाला, पिंपळाच्या पानासारखा, वारा नसताना.

मग त्यांनी फळीवरचा वस्तरा घेतला. मिटायला गेले, जमलं नाही. मावशीचा हात पुढे निघाला होता, तो तिने मागे घेतला. दुसऱ्या वेळेला पातं वस्तऱ्याच्या मुठीत गेलं. त्यांनी तो तिला दिला.

"तुझ्या चादरीत ठेव कुठेतरी."

मावशीने कपाटातली पांढरी चादर काढली. घडी उलगडली, वस्तरा मध्ये ठेवला, पुन्हा तशीच घडी घातली. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. तळव्याने दाबून सरळ केली.

पुढच्या आठवड्यात ठरल्या वारी गाडी रस्त्यात आडवी लागली. धाकटा आत आला. गालभर खुंट वाढलेले.

"भावोजी, दाढी ठेवतोय म्हटलं. कशी दिसते?"

"चोर दिसतोस."

"मग नुसता भांग तरी पाडा. चोरांना भांग असतो का बघू."

तो खुर्चीत पडला. कारागिरांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, गाठ त्यालाच मारायला सांगितली. भांग पाडला, तो नदीसारखा वाकडा गेला. दोघांनी आरशात पाहिला. कारागीर कंगवा ठेवून मागे उभे राहिले आणि हात खुर्चीच्या पाठीवर टेकवला.

मावशीने कॅमेरा दुसऱ्या खुर्चीच्या दांडीवर ठेवला. चाकाला हात लावला नाही. श्वास घेतला, अर्धा सोडला.

"हसू नका," ती म्हणाली.

धाकटा खदखदून हसला, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

"हलला का गं?" त्याने मान वळवून विचारलं.

मावशीने पडद्यावर पाहिलं. खुर्चीत, कापडाच्या गाठीच्या वर, नुसता धूर होता. आईच्या मांडीवर होता तसाच. आणि त्या धुरामागे, खुर्चीच्या पाठीवर, एक हात होता. एकेक नख दिसावं इतका स्वच्छ.

"हलला," ती म्हणाली. आणि तो पुसला नाही.